व्यायाम चालू, जेवण नीट, तरी मांड्यांवरचे खळगे तसेच: सेल्युलाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांड्या, कुल्ले आणि काही जणींच्या पोटावर किंवा दंडांवर जे बारीक-मोठे खळगे दिसतात त्यांना सेल्युलाइट म्हणतात. हे पान मुख्यतः अशा बायकांसाठी आहे ज्यांचा व्यायाम नियमित आहे, ज्या ताटातलं बघून खातात आणि तरीही ज्यांना आरशात फारसा फरक दिसत नाही.

वजन आटोक्यात, व्यायाम रोजचा. मग खळगे का जात नाहीत?

कारण खळगा चरबीच्या प्रमाणापेक्षा तिच्या मांडणीमुळे पडतो. त्वचेखालची चरबी लहान लहान कप्प्यांत असते. या कप्प्यांमधून कोलेजन या प्रथिनाचे तंतुमय पट्टे जातात. त्यांचं वरचं टोक त्वचेला आणि खालचं टोक स्नायूवरच्या आवरणाला धरून असतं. गोधडीत टाका पडतो तिथे खड्डा होतो आणि दोन टाक्यांच्या मधला भाग फुगतो, तसंच इथे होतं.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र काम करत असतात: पट्टे किती ताठ आणि आखूड आहेत, कप्प्यांतली चरबी किती फुगली आहे आणि वरची त्वचा किती जाड व घट्ट आहे. आहार आणि व्यायाम दुसऱ्या गोष्टीवर चांगलं काम करतात, तिसऱ्यावर थोडंफार. पहिलीवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. ताठ झालेला पट्टा स्क्वॉट मारून सैल होत नाही आणि पपई खाऊनही नाही. तुमचे खळगे मुख्यतः पट्ट्यांमुळे असतील तर कष्ट कमी पडले असं समजून व्यायाम दुप्पट करण्यात अर्थ नाही.

मग केलेलं सगळं फुकट गेलं का?

नाही. चरबीचे कप्पे कमी फुगले आणि खालचा स्नायू भरला की खळग्याची कड उथळ होते, सावली कमी पडते. बऱ्याच जणींच्या बाबतीत तेवढ्याने दिसण्यात खरा फरक पडतो. फक्त ‘पूर्ण सपाट’ हे उद्दिष्ट सोडून द्या, ते व्यायामाच्या आवाक्यातलं नाही.

हा आजार आहे का?

नाही. वयात आल्यानंतर ८० ते ९० टक्के बायकांच्या शरीरावर कमी-जास्त प्रमाणात सेल्युलाइट असतं. सडपातळ मुलींना असतं, मॅरेथॉन धावणाऱ्यांनाही असतं.

पुरुषांना का होत नाही?

क्वचित होतं. पुरुषांच्या त्वचेखाली हे पट्टे तिरपे, एकमेकांना छेदणारे आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे चरबीचा कप्पा वर डोकावत नाही. बायकांमध्ये ते बरेचसे उभे असतात. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी हा फरक १९७८ मध्ये मांडला, आणि सेल्युलाइटच्या तीव्रतेची त्यांनी केलेली पायऱ्यांची विभागणी आजही वापरली जाते. बायकांची वरची त्वचाही तुलनेने पातळ असते. ज्या पुरुषांमध्ये पुरुषी संप्रेरकं कमी असतात, उदाहरणार्थ प्रोस्टेटच्या कर्करोगावर संप्रेरक-उपचार चालू असलेले, त्यांच्यात सेल्युलाइट दिसू शकतं. संप्रेरकांचा वाटा मोठा आहे हे यावरून कळतं. बाकी आई-मावशीकडून काय आलं, तेही आहेच.

माझ्या बाबतीत नक्की कशामुळे आहे, हे घरी ओळखता येईल का?

बऱ्यापैकी येईल, आणि पैसे खर्च करण्याआधी हे करावंच. एक मोठा आरसा, बाजूने येणारा उजेड (खिडकी चालेल) आणि फोटो काढायला कुणी विश्वासातलं माणूस किंवा मोबाइलचं टायमर, एवढं पुरतं.

आधी सैल उभ्या राहा, कुल्ले आवळू नका. या स्थितीत खळगे दिसतात का? मग पालथ्या झोपा आणि पुन्हा बघा. नुसतं उभं राहून दिसत नाहीत, पण चिमटीत त्वचा धरली किंवा स्नायू आवळला की उमटतात, ही पहिली पायरी. उभं राहिल्यावर दिसतात, झोपल्यावर जातात, ही दुसरी. झोपल्यावरही राहतात, ती तिसरी.

आता महत्त्वाची चाचणी. उभ्या असतानाच दोन्ही तळव्यांनी कुल्ल्यावरची त्वचा हलकेच वर उचला. लाटा आणि वळ्या जवळपास नाहीशा झाल्या तर तुमचा मुख्य प्रश्न त्वचेच्या सैलपणाचा आहे. वर उचलूनही ठरावीक ठिकाणी गोल किंवा लांबट खड्डा तसाच राहिला तर तिथे पट्टा ओढतोय. बहुतेकींमध्ये दोन्ही थोडं थोडं असतं. त्यातलं जास्त काय, हे कळलं की पुढच्या निम्म्या जाहिराती आपोआप बाद होतात.

फोटो काढताना अंतर, उजेड, वेळ आणि उभं राहण्याची पद्धत तीच ठेवा, फ्लॅश बंद. पाळी येण्याआधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं आणि खळगे जास्त दिसतात, म्हणून दोन फोटोंमध्ये पाळीचा टप्पाही सारखा असावा. दुकानातल्या ट्रायल रूममध्ये स्वतःला तपासू नका. डोक्यावरून सरळ खाली येणारा दिवा प्रत्येक खळग्याची सावली दुप्पट करतो.

हे सेल्युलाइट नसून दुसरं काही असू शकतं का?

हो, आणि चुकलेलं निदान वर्षानुवर्षं चालत राहतं.

लिपेडिमा या आजारात दोन्ही पायांवर सारखी चरबी साठते, पण पावलं बारीकच राहतात. घोट्यावर जणू कडं घातल्यासारखी रेघ दिसते. मांडी दाबली की दुखते, जरा लागलं की काळंनिळं होतं. वरचं अंग वजन कमी केल्यावर उतरतं आणि पाय तसेच राहतात. सुरुवात बहुधा वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाण्याच्या सुमारास होते. ही लक्षणं जुळत असतील तर ब्यूटी क्लिनिकऐवजी रक्तवाहिन्यांच्या किंवा लसीका-सुजेच्या (लिम्फेडिमाच्या) डॉक्टरांना दाखवा.

पाऊलही सुजत असेल तर पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरून बघा. ती उचलता येत नसेल तर लसीकावाहिन्यांची सूज असण्याची शक्यता आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात राहणाऱ्यांनी किंवा तिथे बरीच वर्षं काढलेल्यांनी अशा वेळी हत्तीरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी रक्त रात्री घेतात, कारण जंतू त्या वेळी रक्तात फिरतात.

रोज पाच किलोमीटर चालते. पुरेसं नाही का?

हृदयासाठी उत्तम आहे. खळग्यांसाठी अपुरं. चालण्याने कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूवर फारसा भार येत नाही, आणि भार नसेल तर स्नायू भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग आपल्याकडे सर्रास सुटतो.

चालणं तसंच ठेवा, आणि आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, हे करा:

पहिला दिवस: गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बैठक) ३ सेट, प्रत्येकी ८ ते १२ वेळा. रोमानियन डेडलिफ्ट (वजन हातात धरून कंबरेतून पुढे झुकणं आणि परत सरळ होणं) ३ सेट, ८ ते १२. हिप थ्रस्ट (पाठ पलंगाच्या कडेला टेकवून कुल्ले वर उचलणं) किंवा ग्लूट ब्रिज (तेच जमिनीवर उताणं झोपून) ३ सेट, १० ते १५.

दुसरा दिवस: लंज (मागे पाऊल टाकून गुडघे वाकवणं), प्रत्येक पायाला ३ सेट, ८ ते १०. स्टेप-अप (पायरीवर चढणं-उतरणं) ३ सेट, प्रत्येक पायाला १०. हिप थ्रस्ट पुन्हा ३ सेट. शेवटी रबर बँड गुडघ्यांच्या वर घालून बाजूला चालणं, २ सेट, प्रत्येक दिशेला १५ पावलं.

दोन सेटमध्ये दीड ते दोन मिनिटं थांबा. वजन असं घ्या की सेट संपताना ‘अजून फार तर दोन झाल्या असत्या’ असं वाटेल. सगळ्या सेटमध्ये वरचा आकडा आरामात गाठला की पुढच्या वेळी एक ते अडीच किलो वाढवा. ही वाढ नसेल तर सहाव्या महिन्यातही पहिल्याच महिन्याचा व्यायाम चालू असतो. घाम येतो, बदल येत नाही.

जिम नाही. घरात कशाने वजन वाढवायचं?

पाठीच्या सॅकमध्ये ५ किलोची पिठाची पिशवी टाकून सुरुवात करा, मग दुसरी टाका. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार वीस किलोचा असतो. तो मांडीवर जाड टॉवेल टाकून हिप थ्रस्टसाठी ठेवता येतो, पण घरंगळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरावा लागतो. पाठ टेकायला पलंगाची कड चालते, पलंग भिंतीला टेकलेला असावा. स्टेप-अपसाठी जिन्याची एक पायरी कमी पडते, बहुतेक पायऱ्या १५ ते १८ सेंटीमीटरच्या असतात. एक सोडून पुढच्या पायरीवर पाय ठेवा. आणि कृपया गॅसच्या सिलिंडरवर प्रयोग करू नका.

मी रोज शंभर बैठका मारते. त्या चालतील ना?

शंभर बैठका सहज होत असतील तर स्नायूच्या दृष्टीने त्या आता हलक्या झाल्या. दमसास वाढेल, आकारमान फारसं वाढणार नाही. त्याऐवजी पाठीवर सॅक घेऊन दहा मारून बघा.

व्यायाम करूनही कुल्ल्यांना काम झाल्यासारखं वाटत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पुढीलपैकी एक. स्क्वॉटमध्ये टाच उचलली जाते किंवा गुडघे आत पडतात. मग अर्ध्यावरूनच परत येणं होतं आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या बाजूला जातो. डेडलिफ्टमध्ये गुडघे इतके वाकतात की तोही स्क्वॉटच होतो. तिथे गुडघा किंचित वाकलेला ठेवून कंबर मागे ढकलायची असते, मागचं दार कुल्ल्याने लोटल्यासारखी, आणि मांडीच्या मागे ताण आला की थांबायचं. हिप थ्रस्टमध्ये वर गेल्यावर कंबरेत कमान होते आणि पाठ दुखते. हनुवटी आत, बरगड्या खाली आणि वर असताना नडगी जमिनीशी काटकोनात असली की कमान होत नाही. स्टेप-अपमध्ये खालच्या पायाने उडी मारली जाते. तो पाय नुसता सोबत यायला हवा.

गुडघेदुखी असेल तर लंज सोडा, ग्लूट ब्रिज आणि डेडलिफ्टवर भर द्या.

दोन महिन्यांत आठ किलो उतरले आणि खळगे उलट वाढले. हे कसं?

चरबी कमी झाली, पण त्वचा तेवढ्या वेगाने आवळली नाही, त्यामुळे ती सैल लोंबते आणि वळ्या दिसतात. शिवाय घाईने वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातो, म्हणजे खालचा आधारही गेला. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग ठीक. त्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ३०० ते ५०० कॅलरी कमी पुरतात. तिशीनंतर, आणि विशेषतः बाळंतपणानंतर, त्वचेला वेळ जास्त लागतो.

भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात. तुमचा आकडा त्याखाली असेल आणि कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असेल तर केवळ खळग्यांसाठी वजन आणखी उतरवू नका. आरोग्याच्या दृष्टीने काळजी पोटावरच्या चरबीची करायची असते, मांड्यांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी आहे.

जेवणात काय बदलू?

तेल-तूप-गोड आधीच आटोक्यात असेल तर उरलेली उणीव बहुधा प्रथिनांची असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. वजनं उचलून स्नायू वाढवायचा असेल तर १.२ ते १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ७२ ते ९६.

पातळ वरणाची एक वाटी म्हणजे जेमतेम २०-२५ ग्रॅम कोरडी डाळ, त्यातून ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. ‘आम्ही रोज वरण-भात खातो’ यावर समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा. दिवसभराची एक जुळणी अशी होऊ शकते: सकाळी दोन अंडी आणि कपभर दूध (२० ग्रॅम), दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर दही (२२-२३), संध्याकाळी मूठभर फुटाणे (८), रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा ३० ग्रॅम कोरडे सोयाबीन वड्या आणि एक भाकरी (२०-२३). बेरीज सत्तरीच्या पुढे जाते. मासे-चिकन खाणाऱ्यांना हे सोपं आहे, शाकाहारी घरात मात्र ठरवून करावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चतुर्थी, गुरुवार, एकादशी असे वारंवार उपास असतील तर त्या दिवशी साबुदाणा-बटाट्यातून प्रथिनं जवळपास मिळतच नाहीत. शेंगदाणे, दही, ताक, पनीर, राजगिरा ताटात आणा.

मीठ जास्त झालं की अंगात पाणी धरतं आणि खळगे तात्पुरते उठून दिसतात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात पापड-लोणचं-फरसाण धरून. लिंबू-मध पाणी, डिटॉक्सचे रस, ॲपल सायडर व्हिनेगर यांनी पट्टे सैल होत नाहीत. भरपूर पाणी प्यायल्याने ‘विषारी द्रव्यं धुऊन जातात’ हेही चुकीचं, कारण सेल्युलाइटमध्ये अशी कुठली द्रव्यं साठलेलीच नसतात.

कोलेजन पावडर घेऊ का?

२.५ ग्रॅम विशिष्ट कोलेजन पेप्टाइड रोज, सहा महिने, असा एक अभ्यास झाला आहे. त्यात सामान्य वजनाच्या बायकांमध्ये थोडा फरक दिसला, जास्त वजनाच्यांमध्ये त्याहून कमी. एवढ्यावर दरमहा मोठा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. तेच पैसे अंडी, पनीर, डाळींवर जास्त कारणी लागतात.

क्रीमने काही होतं का?

कॅफीनची क्रीम त्वचेतलं पाणी तात्पुरतं कमी करते, काही तास त्वचा घट्ट दिसते. लग्नाला किंवा सहलीला जाण्याआधी वापरायची तर वापरा. लावायचं थांबवलं की परिणाम गेला. कॉफीच्या चोथ्याने घासल्यावर जो गुळगुळीतपणा येतो तो मृत त्वचा निघाल्याचा.

रेटिनॉलचं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं, गणित वेगळं आहे. ०.३ टक्के रेटिनॉल सलग सहा महिने लावल्यास वरची त्वचा किंचित जाड होते आणि उथळ खळगे थोडे झाकले जातात. वाटाण्याएवढं क्रीम एका मांडीला पुरत नाही, दोन-तीन वाटाण्यांएवढं लागतं. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून लावा, वर साधं मॉइश्चरायझर. जळजळ झाली तर चार दिवस थांबा. मांड्या एकमेकींना घासतात त्या आतल्या भागात लावू नका, तिथे हमखास सोलवटतं. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर रेटिनॉल नको.

मेडिकलमधून आणलेलं गजकर्णाचं मलम जांघेत लावते. त्याचा काही संबंध?

असू शकतो, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. सहज मिळणाऱ्या अनेक ‘मिक्स’ मलमांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते म्हणून ते महिनोन्‌महिने लावलं जातं. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला रुंद, लालसर मग पांढरे चिरे पडतात. हे चिरे जात नाहीत. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मालिश, ड्राय ब्रशिंग, फोम रोलर, कपिंग?

मालिशीने साचलेलं पाणी सरकतं, त्वचा एक-दोन दिवस बरी दिसते. तेल लावून करून घेतलेलं अभ्यंग सुखाचं असतं, तेवढ्यासाठी जरूर घ्या. ‘जोरात घासलं तर गाठी फुटतात’ हे मात्र खोटं. जोराने फक्त काळंनिळं होतं, आणि सावळ्या कातडीवर ते डाग रेंगाळतात. कपिंगचंही, म्हणजे पेले लावून त्वचा ओढण्याचंही, तेच.

कंबरेला लावायचा थरथरणारा पट्टा?

नको.

दवाखान्यातल्या उपचारांपैकी खरंच काय चालतं?

आधी सांगितलेली त्वचा वर उचलण्याची चाचणी इथे कामाला येते.

ठळक, वेगवेगळे मोजता येतील असे खड्डे असतील तर सबसिजन हा सर्वांत थेट उपाय. भागाला सुन्न करून त्वचेखाली बारीक सुई किंवा पातं घालतात आणि ओढणारा पट्टा कापतात. कापण्याची खोली यंत्राने नेमकी ठेवणारं एक साधन अमेरिकेत २०१५ मध्ये वापरात आलं. त्यात ६ किंवा १० मिलिमीटर खोली निवडता येते. पट्टा नीट कापला गेला तर परिणाम काही वर्षं टिकतो. त्रासही आहे: दोन-तीन आठवडे काळंनिळं, दुखरेपणा, काही जणींना त्वचेखाली पाणी किंवा गाठ, आणि आवळ पँट काही आठवडे घालावी लागते. खड्डे उभं राहिल्यावरच दिसतात, म्हणून डॉक्टरांनी खुणा तुम्हाला उभं करून करायला हव्यात. झोपवून खुणा करणाऱ्याकडे पुढे जाऊ नका.

लाटा आणि सैलपणा मुख्य असेल तर त्वचेला ऊब देऊन कोलेजन वाढवणारे उपचार, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, किंवा ध्वनिलहरींचा शॉकवेव्ह. हे चार-पाच ते आठ बैठकांचे असतात, फरक मध्यम असतो, आणि टिकवायला पुढेही अधूनमधून जावं लागतं. पातळ केलेलं कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचं इंजेक्शनही याच कारणासाठी देतात.

कोलेजन विरघळवणारं कोलॅजनेज इंजेक्शन अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने जुलै २०२० मध्ये नितंबांसाठी मंजूर केलं होतं. जखमेसारखे काळेनिळे चट्टे आणि त्वचेचा रंग दीर्घकाळ बदलण्याची शक्यता यांमुळे डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करण्याचं जाहीर केलं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून त्याचं कौतुक सापडतं, म्हणून सांगून ठेवतो.

लायपोसक्शन हा सेल्युलाइटवरचा उपाय नाही. वरच्या थरातून चरबी ओढली तर पृष्ठभाग आणखी ओबडधोबड होऊ शकतो. चरबी गोठवण्याचा उपचार फुगवटा कमी करतो, खळग्याला हात लावत नाही.

सावळ्या त्वचेसाठी वेगळी काळजी लागते का?

लागते. आपल्या त्वचेत इजेनंतर काळपट डाग सहज पडतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. सबसिजननंतर साचलेल्या रक्तातलं लोहही तपकिरी डाग ठेवून जातं. म्हणजे खळगा गेला आणि डाग आला, असा सौदा होऊ शकतो. जुने डास चावल्याचे किंवा भाजल्याचे डाग तुमच्या अंगावर लवकर जातात की वर्षभर राहतात, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

क्लिनिकमध्ये पैसे भरण्याआधी काय विचारू?

उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का? नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. माझा प्रश्न पट्ट्यांचा की सैलपणाचा, आणि हा उपचार त्यातल्या कशावर चालतो? याचं उत्तर मिळालं नाही तर उठा. यंत्राचं नाव काय? माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवरचे आधीचे-नंतरचे फोटो एकाच उजेडात काढलेले आहेत का? डाग पडला तर त्याचा उपचार त्याच रकमेत आहे का? आणि दहा बैठकांचं पॅकेज आजच घेतलं तर निम्म्यात, असं कुणी म्हणालं तर घरी येऊन विचार करा. आरोग्य विमा यातलं काहीही देत नाही, हे धरून चाला.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा जखमेवर जाड व्रण उठण्याची सवय असेल तर ते आधीच सांगणं आवश्यक. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना यातलं काहीच करू नये. बाळंतपणानंतर वजन आणि त्वचा स्थिरावू द्या, मग बघा.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला दिसायला लागलंय. काय करू?

तिच्यासमोर त्याबद्दल बोलणं टाळा. या वयात खळगे दिसणं नैसर्गिक आहे, उपचाराची गरज नाही. तिला खेळू द्या आणि पोटभर खाऊ द्या.

किती दिवसांत फरक दिसेल?

ताकदीच्या व्यायामाने सहा आठवड्यांत वजनं वाढतात, डोळ्याला दिसणारा फरक साधारण तीन ते चार महिन्यांनी. रेटिनॉलला सहा महिने. सबसिजनचा अंतिम परिणाम सूज आणि डाग ओसरल्यावर, म्हणजे तीन महिन्यांनंतरच ठरवा. फोटो महिन्याला एकच काढा.

तातडीने डॉक्टरकडे कधी जायचं?

मांडी किंवा पोटरीचा भाग लाल, गरम, दुखरा झाला, लाली पसरत चालली किंवा ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याचं नाव सेल्युलायटिस, ऐकायला सारखं असलं तरी हा वेगळाच आजार आहे. त्यावर प्रतिजैविकं लागतात, मालिश अजिबात करायची नाही. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं हे रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं. दोन्हींत त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागत असेल तर थेट आपत्कालीन विभागात जा.